सहा मिलिमीटरची गाठ

छातीच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टात सगळे ठीक असल्याच्या ओळी आधी येतात. पाणी नाही, न्यूमोनिया नाही, हृदयाचा आकार योग्य. मग तळाशी, सहीच्या थोडे वर, एक ओळ असते : उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात सहा मिलिमीटरचे नोड्यूल, काही महिन्यांनी फेरतपासणीचा सल्ला. ज्या कारणासाठी स्कॅन काढला त्याच्याशी या ओळीचा बहुधा काहीच संबंध नसतो. कोणी जिन्यावरून पडल्यावर बरगडी मोडली का ते पाहायला आलेला असतो. कोणाचा स्कॅन मुतखड्यासाठी पोटाचा असतो आणि फुफ्फुसांचा तळ चित्रात आपोआप येतो. माणूस येतो धडधाकट आणि जातो जिवाला घोर लावून घेऊन. रात्री घरातले कोणीतरी तो इंग्रजी शब्द मोबाइलवर शोधते, आणि मोबाइलला कॅन्सरपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

या पुस्तिकेचा विषय ती एक ओळ आहे. त्यातही लहान गाठींची ती जात, जी सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी पुन्हा पाहिली तरी होती तेवढीच असते. डॉक्टर समाधानाने ‘स्टेबल आहे’ म्हणतात आणि रुग्ण विचारतो, ‘म्हणजे आहेच ना अजून?’ दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. मी रेडिओलॉजीत आहे. म्हणजे ती ओळ लिहिणाऱ्यांपैकी एक. ती वाचून पुढे काय करायचे हे फॅमिली डॉक्टर, छातीचे डॉक्टर आणि घरची मंडळी ठरवतात. मधल्या मोकळ्या जागेत भीतीला भरपूर वाव मिळतो, आणि ही पुस्तिका त्या जागेसाठी लिहिली आहे.

महाराष्ट्रात या ओळीशी लोकांची खरी गाठ पडली ती कोविडच्या काळात. २०२० आणि २०२१ मध्ये ‘एचआरसीटी’ हा शब्द घराघरांत गेला. पंचवीसपैकी स्कोअर किती आला, हे लोक फोनवर एकमेकांना विचारत. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने या स्कॅनचे दर मशीनच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपयांच्या दरम्यान बांधून दिले. एरवी ज्यांच्या छातीचा साधा एक्स-रेसुद्धा कधी निघाला नसता, अशा असंख्य लोकांची फुफ्फुसे मिलिमीटर-मिलिमीटरने पाहिली गेली. स्कोअर उतरला, ताप गेला, आणि फाइलमध्ये ती तळची ओळ राहिली. काहींनी ती वाचलीच नाही. काही जण अजून तिच्यापायी दर सहा महिन्यांनी स्कॅन काढतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याची गरज नाही.

फुफ्फुसातल्या तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गोलसर डागाला नोड्यूल म्हणतात. त्याहून मोठा असेल तर त्याला वेगळे नाव आणि वेगळी वागणूक मिळते. तो या पुस्तिकेचा विषय नाही. आपल्या चर्चेतली गाठ बहुधा तुरीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान असते. साध्या एक्स-रेत एवढी गाठ सहसा दिसत नाही. बरगड्या, रक्तवाहिन्या आणि हृदयाची सावली यांत ती हरवते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन केला, तेव्हा एका आडव्या कापाचे चित्र तयार व्हायला काही मिनिटे लागत. आज श्वास रोखलेल्या काही सेकंदांत दोन्ही फुफ्फुसांचे एक मिलिमीटर जाडीचे शेकडो काप मिळतात. त्यामुळे सापडणाऱ्या गाठींची संख्या वाढली ती मुख्यतः यंत्राच्या नजरेमुळे. आपल्या आजी-आजोबांच्या फुफ्फुसांतही अशा गाठी होत्या. त्या त्यांच्याबरोबरच गेल्या, कोणाला कळल्या नाहीत आणि कोणाला नडल्याही नाहीत.

हे नुसते म्हणण्यावर सोडायला नको. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्लॉडिया हेन्शके आणि सहकाऱ्यांनी साठीच्या पुढच्या, सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या एक हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी मात्रेच्या सीटीत त्यांतल्या २३३ जणांच्या फुफ्फुसांत चुना न साठलेल्या गाठी आढळल्या. त्याच लोकांच्या एक्स-रेत फक्त ६८ जणांच्या दिसल्या. सीटीने कॅन्सर २७ जणांचा पकडला, एक्स-रेने ७ जणांचा. या चार आकड्यांत सगळा पेच आहे. सीटीने खरा कॅन्सर लवकर सापडतो, यात शंका नाही. पण एका सापडलेल्या कॅन्सरमागे कितीतरी निरुपद्रवी गाठी हाती लागतात. पुढे अमेरिकेत ५३,४५४ लोकांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सीटीमुळे २० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्याच चाचणीत सीटीचे जे निकाल ‘पॉझिटिव्ह’ ठरले, त्यांतल्या ९६.४ टक्के निकालांमागे कॅन्सर नव्हता. लक्षात घ्यायला हवे की ही सगळी माणसे वर्षानुवर्षे भरपूर धूम्रपान केलेली होती. कधी सिगारेट न ओढलेल्या, बरगडी दुखते म्हणून आलेल्या चाळिशीच्या बाईची गोष्ट तर आणखी वेगळी.

मग या गाठी असतात तरी कसल्या? आपल्याकडे याचे पहिले उत्तर क्षय हे आहे. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात असतो, आणि आजार न होता नुसता संसर्ग होऊन गेलेल्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी. जंतू श्वासातून आत येतो, फुफ्फुसात एका ठिकाणी ठाण मांडतो, शरीर त्याच्याभोवती पेशींचा कोट उभारते आणि बहुतेक वेळा लढाई तिथेच संपते. मागे उरतो एक लहानसा व्रण, त्यात हळूहळू चुना साठतो. अँटोन घोन या ऑस्ट्रियन पॅथॉलॉजिस्टने १९१२ मध्ये मुलांच्या शवविच्छेदनांवरून या पहिल्या ठाण्याचे तपशीलवार वर्णन केले. आजही डॉक्टर त्याला घोनचेच नाव देतात. मराठी घरांत ‘लहानपणी प्रायमरी झाले होते, नऊ महिने गोळ्या चालू होत्या’ असे सांगणारी आई किंवा मावशी हमखास असते. पन्नाशीतल्या माणसाच्या रिपोर्टातली गाठ वाचताना मला त्या मावशीचे एक वाक्य पुष्कळ उपयोगी पडते. दुर्दैवाने ते रिपोर्टच्या मागणीपत्रावर कोणी लिहीत नाही.

चुना कसा साठला आहे, यालाही अर्थ असतो. गाठ सगळीच्या सगळी पांढरी असेल, मधोमध पांढरा ठिपका असेल किंवा एकाभोवती एक अशी वर्तुळे असतील, तर ती जुन्या संसर्गाची खूण. तिथे विषय संपतो. चुन्याचे जाडसर तुकडे विखुरलेले असतील किंवा गाठीत चरबी असेल, तर बहुधा हॅमार्टोमा : फुफ्फुसाच्याच पेशींची, कूर्चेची वेडीवाकडी पण निरुपद्रवी वाढ. फुफ्फुसाचे भाग वेगळे करणाऱ्या पातळ पडद्याला चिकटलेली, त्रिकोणी किंवा चपटी, गुळगुळीत गाठ ही बहुतेकदा फुफ्फुसातली लसिका ग्रंथी असते. धूळ आणि धूर आत घेणाऱ्या माणसांत ती सापडणे अगदी सामान्य. तिच्यासाठी पुन्हा स्कॅन काढायचे कारण नसते, आणि तरीही अशा गाठीचे फोटो घेऊन तीन शहरांतल्या तीन डॉक्टरांकडे फिरणारी माणसे भेटतात. यात आमचाही वाटा आहे. ‘पडद्याशेजारची लसिका ग्रंथी, चिंतेचे कारण नाही’ असे स्पष्ट लिहायचे सोडून ‘फेरतपासणीचा सल्ला’ लिहिणे आम्हा मंडळींना सुरक्षित वाटते. ती सुरक्षितता लिहिणाऱ्याची असते आणि तिची किंमत वाचणारा भरतो.

चुना नसलेल्या, भरीव, गोलसर लहान गाठीबद्दल मात्र एका चित्रावरून ठाम सांगता येत नाही. तिथे आकाराचा आधार घ्यावा लागतो. छातीच्या इमेजिंगवर काम करणाऱ्या तज्ज्ञांची फ्लाइश्नर सोसायटी नावाची आंतरराष्ट्रीय संस्था १९६९ पासून आहे. तिने २००५ मध्ये पहिल्यांदा या गाठींसाठी नियम सांगितले आणि २०१७ मध्ये ते सुधारले. ही सुधारणा ढिलाईच्या दिशेने होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. २००५ पूर्वी प्रत्येक गाठीमागे दोन वर्षे लागायची रीत होती. २००५ मध्ये चार मिलिमीटरपर्यंतच्या गाठींना, धोका कमी असेल तर, सूट मिळाली. २०१७ मध्ये ती मर्यादा सहा मिलिमीटर झाली. सहाहून लहान भरीव गाठ, कमी धोक्याचा माणूस : पुन्हा स्कॅन नको. जास्त धोक्याचा माणूस : हवा तर वर्षाने एकदा. सहा ते आठ मिलिमीटर : सहा ते बारा महिन्यांनी एकदा, मग गरजेप्रमाणे दीड-दोन वर्षांनी. आठच्या पुढे मात्र तीन महिन्यांनी स्कॅन, पेट-सीटी किंवा तुकडा काढून तपासणी, यांचा विचार सुरू होतो. या मर्यादेमागचा हिशेब साधा आहे : सहाहून लहान गाठ कॅन्सरची निघण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या नेल्सन चाचणीत तर असे दिसले, की पाच मिलिमीटरहून लहान गाठ असलेल्यांत दोन वर्षांत कॅन्सर सापडण्याचे प्रमाण ०.४ टक्के होते आणि मुळीच गाठ नसलेल्यांतही ०.४ टक्केच. म्हणजे एवढी लहान गाठ असणे आणि नसणे यांत व्यवहारात जवळपास फरक नाही. तीही सगळी धूम्रपान केलेलीच माणसे होती.

आता ‘स्टेबल’कडे येतो. पुस्तिकेतला सर्वांत मोठा भाग यावर आहे आणि तो वाचताना थोडे गणित करावे लागेल.

गाठ चेंडूसारखी सर्व बाजूंनी वाढते. त्यामुळे तिचा व्यास सव्वापट झाला की तिचे आकारमान जवळजवळ दुप्पट झालेले असते. पाच मिलिमीटरची गाठ ६.३ मिलिमीटर झाली, म्हणजे तिच्यातल्या पेशी दुप्पट झाल्या. डोळ्याला हा फरक नगण्य वाटतो, जीवशास्त्राला नाही. फुफ्फुसाचा भरीव कॅन्सर दुप्पट व्हायला साधारण शंभर ते चारशे दिवस घेतो. जंतुसंसर्गाची सूज काही आठवड्यांत वाढते किंवा विरते. जुना व्रण वर्षानुवर्षे काहीच करत नाही. म्हणजे गाठीचा स्वभाव तिच्या चालीवरून ओळखायचा, आणि चाल पाहायची तर दोन वेळा पाहावेच लागते.

सहा मिलिमीटरची एक गाठ घ्या. ती शंभर दिवसांत दुप्पट होणारी असेल, तर तीन महिन्यांत सव्वासात मिलिमीटरच्या पुढे जाईल आणि वर्षभरात चौदाच्या आसपास पोचेल. ती चारशे दिवसांत दुप्पट होणारी असेल, तर तीन महिन्यांनी ती ६.३ मिलिमीटर भरेल. हा तीन दशांशाचा फरक कोणत्याही रेडिओलॉजिस्टला खात्रीने मोजता येत नाही. श्वास कमी-जास्त घेतला, काप थोडा वेगळ्या जागी पडला, मोजणारा माणूस बदलला, तरी दीड मिलिमीटरपर्यंत मोजमाप इकडेतिकडे होते. म्हणूनच दोन मिलिमीटरच्या आतला फरक सहसा वाढ धरत नाहीत. हीच गाठ वर्षाने साधारण साडेसात आणि दोन वर्षांनी नऊ मिलिमीटरची होईल. तेव्हा ती लपू शकत नाही. ‘सहा महिने थांबा’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात. आधी स्कॅन काढला, तर पैसे आणि किरण खर्च होऊन उत्तर मिळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. रुग्णाला हे गणित कोणी सांगत नाही म्हणून त्याला थांबणे हे दुर्लक्ष वाटते. लहान गाठीसाठी आज उपलब्ध असलेली सर्वांत भरवशाची तपासणी म्हणजे मोजून जाऊ दिलेला काळ, हे मी या पुस्तिकेच्या बाजूने छातीठोकपणे सांगेन.

दोन वर्षांत वाढली नाही तर गाठ निरुपद्रवी, हा नियम मात्र तितका पवित्र नाही. त्याचा उगम १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टर गुड आणि सहकाऱ्यांच्या लेखांत आहे, आणि तोही साध्या एक्स-रेच्या जमान्यातला. पुढे चार दशके तो पाठ्यपुस्तकांतून पाठ्यपुस्तकांत उतरवला गेला. १९९७ मध्ये डेव्हिड यांकेलेविट्झ आणि हेन्शके यांनी मूळ आकडे उकरून काढले. त्या आकड्यांवरून एक्स-रेत न वाढलेली गाठ निरुपद्रवी निघण्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्केच भरत होते. एवढ्या तोकड्या आधारावर नियम इतकी वर्षे चालला, कारण तो बहुतेक वेळा खरा ठरत होता. आज पातळ कापांच्या सीटीत भरीव गाठ दोन वर्षे जशीच्या तशी राहिली, तर तिला निरुपद्रवी म्हणायला चांगला आधार आहे. नियम तोच आहे, पण खालचा पाया बदलला आहे.

आणि ‘भरीव’ या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो आहे. काही गाठी भरीव नसतात. धुरकट काचेतून पाहावे तशा फिकट दिसतात आणि त्यांच्यातून रक्तवाहिन्या आरपार दिसत राहतात. यांतल्या बऱ्याच संसर्गाच्या असतात आणि काही महिन्यांत नाहीशा होतात. ज्या टिकतात, त्यांतल्या काही अत्यंत संथ वाढणाऱ्या कॅन्सरच्या किंवा त्याच्या आधीच्या पायरीच्या असतात. अशा गाठीला दुप्पट व्हायला वर्षे लागतात. तिच्या बाबतीत दोन वर्षांची शांतता पुरत नाही, म्हणून सहा मिलिमीटर आणि त्यापुढच्या फिकट गाठी पाच वर्षे पाहिल्या जातात. अर्धी फिकट, अर्धी भरीव असेल तर लक्ष आणखी बारीक ठेवायचे आणि भरीव भाग वाढतो का ते पाहायचे. कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रियांत, विशेषतः पूर्व आशियात, अशा गाठी सापडतात. त्यामुळे ‘मी कधी सिगारेट ओढली नाही’ एवढ्यावर फिकट गाठ निकालात काढता येत नाही.

काळाची तपासणी करायची तर जुने चित्र हवे. आपली व्यवस्था इथे अडखळते. काळी फिल्म हाती मिळते, ती मोठ्या पाकिटात घालून कपाटावर जाते, तिथे उन्हाळ्यात एकमेकांना चिकटते. सीडी मिळालेली असते पण ती लग्नाच्या सीड्यांच्या ढिगात. दुसऱ्या वेळी दुसऱ्या सेंटरला स्कॅन काढला जातो आणि तिथल्या रेडिओलॉजिस्टसमोर फक्त आधीचा कागद असतो, त्यावर लिहिलेले ‘५.८’. आज त्याने मोजले ६.४. मग वाढली म्हणायची का? दोन्ही चित्रे शेजारी ठेवली असती तर एका मिनिटात कळले असते. कागदावरचे दशांश चिन्ह त्याच्या लायकीपेक्षा जास्त विश्वास मिळवते. म्हणून माझा आग्रह असा : स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला काढावा, आणि दुसरीकडे काढायचा असेल तर जुनी सीडी बरोबर न्यावी. सीडी हरवली असेल तर सेंटरला फोन करून पाहावा. बऱ्याच ठिकाणी मूळ प्रतिमा काही वर्षे साठवलेल्या असतात. नोकरीच्या मेडिकलसाठी किंवा व्हिसासाठी दहा वर्षांपूर्वी काढलेला एक्स-रेसुद्धा फेकू नये. गाठ थोडी मोठी असेल आणि त्या जुन्या एक्स-रेतही तेवढीच दिसत असेल, तर पुढच्या कितीतरी तपासण्या वाचतात.

नातेवाइकांचा आग्रह बहुतेक वेळा उलट दिशेचा असतो. ‘काय ते एकदा काढूनच टाका.’ सहा मिलिमीटरची गाठ फुफ्फुसात खोलवर असेल तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती बोटांना सापडणेही कठीण. सुई घालून तुकडा घेण्याची तपासणी निरुपद्रवी नाही : अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत अशा सुमारे १५ टक्के रुग्णांत फुफ्फुसाबाहेर हवा साठली आणि ६.६ टक्क्यांना छातीत नळी घालावी लागली. पेट-सीटीबद्दल आपल्याकडे तर भलताच विश्वास. पेट-सीटी साखरेची भूक पाहतो, आणि क्षयाची जिवंत गाठही साखर तितक्याच हावरटपणे खाते. आठ मिलिमीटरहून लहान गाठीत तर त्याचा भरवसाच नाही. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामागे हेच कारण होते. पाश्चात्त्य देशांचे नियम क्षयाच्या प्रदेशात जसेच्या तसे चालत नाहीत. पेट-सीटीवर कमी विसंबावे आणि लक्ष जास्त काळ ठेवावे, असे त्यांनी सुचवले.

किरणांची भीतीही मधूनमधून डोके वर काढते. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया म्हणाले होते की एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने लगेच हरकत घेतली. खरे तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या सीटीबद्दल बोलत होत्या. छातीच्या नेहमीच्या सीटीत सुमारे सात मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, कमी मात्रेच्या सीटीत दीडच्या आसपास. निसर्गातून आपल्याला वर्षाला जागतिक सरासरीने २.४ मिळतेच. गाठीवर लक्ष ठेवण्यासाठी कमी मात्रेचा, इंजेक्शन न देता काढलेला स्कॅन पुरतो. चिठ्ठीवर तसे लिहून घ्यावे. मागितल्याशिवाय तो मिळेलच असे नाही.

गाठ सापडलेल्या लोकांशी बोलून त्यांचे मन समजून घेण्याचे कामही झाले आहे. अमेरिकेत रेंडा सोयलमेझ वीनर, क्रिस्टोफर स्लॅटोर आणि इतरांनी अशा रुग्णांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. बऱ्याच जणांनी गाठ म्हणजे कॅन्सरच असे धरले होते, आणि थांबायचे का हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नव्हते. आपल्याकडे त्यात एक देशी भर पडते : रिपोर्ट आधी मुलगा वाचतो आणि ‘बाबांना सांगू नका’ म्हणतो. बाबांना शंका येतेच. मग घरात सगळे हलक्या आवाजात बोलू लागतात आणि सहा मिलिमीटरच्या गाठीचे ओझे सहा जणांच्या छातीवर येते. ‘शक्यता फार कमी’, हे तीन शब्दांचे उत्तर बाबांना सरळ सांगितले तर ते पेलतात. मुलालाच ते पेलत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

दुसऱ्या बाजूची चूक मात्र जास्त घातक आहे. आपल्याकडे छातीतल्या कोणत्याही डागाला क्षय समजून ‘एकेटी’, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू करण्याची सवय जुनी आहे. जुन्या, चुना साठलेल्या व्रणाला औषधाची गरजच नसते. आणि फुफ्फुसाचा कॅन्सर असलेले कित्येक रुग्ण महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या खाऊन मग कॅन्सरच्या डॉक्टरकडे पोचतात, हे भारतातल्या अनेक रुग्णालयांनी नोंदवले आहे. थुंकीत किंवा तुकड्यात जंतूंचा पुरावा शोधल्याशिवाय एकेटी सुरू होत असेल, तर ‘कशावरून?’ हे विचारायचा रुग्णाला हक्क आहे. ‘स्टेबल’ हा शब्दही फक्त त्या गाठीपुरता असतो. विडी-सिगारेट चालू असेल, तर उद्या दुसरीकडे दुसरी गाठ उगवायला स्थिर गाठ अडवत नाही. गाठीची धास्ती घेऊन दर वर्षी स्कॅन काढणारा पण बाहेर येऊन विडी शिलगावणारा माणूस सीटीवर नको तेवढी श्रद्धा ठेवतो. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायका, अॅस्बेस्टॉसच्या कामावर राहिलेले कामगार, घरात फुफ्फुसाचा कॅन्सर झालेला असणारे, फुफ्फुसांत एम्फिसिमा असलेले : यांच्या बाबतीत तीच सहा मिलिमीटरची गाठ डॉक्टर वेगळ्या नजरेने पाहतील. वरच्या भागातली, कडा काटेरी असलेली गाठही तशीच.

शेवटी, ही पुस्तिका कोणासाठी नाही तेही सांगायला हवे. फ्लाइश्नरचे नियम पस्तिशीच्या आतल्यांना लागू नाहीत; त्यांच्यात संसर्गाचीच शक्यता इतकी जास्त, आणि कॅन्सरची इतकी कमी, की प्रत्येकाचा वेगळा विचार करावा लागतो. ज्यांना पूर्वी कुठलाही कॅन्सर झाला आहे त्यांनाही ते लागू नाहीत, कारण त्यांच्यात चार मिलिमीटरची नवी गाठही दुर्लक्ष करण्याजोगी नसते. मूत्रपिंड बदललेले, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असलेले, एचआयव्ही बाधित : यांच्यातली गाठ बुरशीची किंवा क्षयाची असू शकते आणि ती काही आठवड्यांत हाताबाहेर जाऊ शकते. आणि ज्यांच्या थुंकीत रक्त येते, ज्यांचे वजन कारणाशिवाय उतरते आहे, ज्यांचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आहे, त्यांनी गाठ किती मिलिमीटरची हे पाहत बसू नये. त्यांनी पुस्तिका नंतर वाचावी. आधी छातीच्या डॉक्टरकडे जावे, आणि जाताना सीडी न्यावी.